आधी परिणाम सांगा, मग हुकूम काढा!

७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारच्या अन्न व सार्वजनिक वितरण खात्याने देशातील यच्चयावत साखर कारखान्यांस व आसवन्यांस एक हुकूम पाठविला. उसाच्या रसापासून आणि साखरेच्या पाकापासून इथेनॉल करणे तत्काळ बंद ठेवावे, एवढाच त्याचा आशय. १९६६ च्या साखर नियंत्रण आदेशातील अधिकाराने तो निघाला होता. म्हणजे तो न पाळणे हा गुन्हा. महाराष्ट्रात त्या दिवशी गाळपाचा हंगाम सुरू होऊन महिना उलटला होता. इथेनॉल पुरवठ्याचे नवे वर्ष १ नोव्हेंबरलाच लागले होते. ज्या सरकारने २०१८ पासून व्याजात सवलत देऊन कारखान्यांना आसवन्या उभारावयास प्रवृत्त केले, त्याच सरकारने त्या आसवन्यांची तोंडे एका कागदाने बंद केली. आणि आठच दिवसांनी, १५ डिसेंबर रोजी, दुसरा निर्णय झाला. रस चालेल, बी-हेवी मळीही चालेल. मात्र दोन्ही मिळून १७ लाख टनांहून अधिक साखर इथेनॉलकडे वळता कामा नये! पुढे ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस येणाऱ्या वर्षापुरती तीही बंधने उठली.

या आठ दिवसांत देशात काय घडले? उसाचे पीक वाढले नाही, पाऊस पडला नाही, साखरेच्या गोदामांत कोणी गुप्तधन आणून टाकले नाही. जे १५ तारखेस सरकारला ठाऊक होते, ते सारे ७ तारखेसही उपलब्ध होते. फरक इतकाच, की मधल्या आठवड्यात कारखानदार दिल्लीस धावले, सहकारी संघांनी निवेदने दिली आणि हुकमाचे परिणाम काय होतील याचा हिशेब प्रथमच खात्याच्या टेबलावर आला. जो हिशेब हुकमाच्या आधी व्हावयाचा, तो हुकमाच्या नंतर झाला. आमची तक्रार नेमकी या क्रमाविषयी आहे.

बंदी घालण्यामागे काहीच कारण नव्हते, असे मात्र आम्ही म्हणत नाही. २०२३ च्या पावसाने महाराष्ट्र व कर्नाटकाला दगा दिला होता. साखरेचे उत्पादन घटेल आणि शहरातील संसारी माणसाच्या डब्यातील साखर महागेल, ही भीती निराधार नव्हती. आणि आमचा वाचकवर्ग तर साखर पिकविणारा नसून विकत घेणारा आहे. त्याचे हित पाहणे हे सरकारचे कर्तव्यच होय. परंतु साखरेचा भाव किलोमागे किती वाढू नये म्हणून कोणावर किती बोजा टाकला जात आहे, तो बोजा कारखाना सोसणार की सभासद, की बीडहून कोयत्यावर उचल घेऊन आलेले ऊसतोडणीचे जोडपे, हे हुकूम काढणाऱ्याने तरी स्वतःला विचारावयास नको काय?

आता हा प्रश्न दिल्लीच्या उंचीवरून पाहू नका. पुण्यापासून शंभर किलोमीटरांच्या आसपास असलेल्या बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांतून पाहा. सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, नीरा-भीमा अशा कारखान्यांच्या चिमण्या येथे एकमेकींच्या दृष्टिपथात उभ्या आहेत. या मुलखात आडसाली उसाची लागण जुलै-ऑगस्टात होते आणि तो ऊस सोळा ते अठरा महिन्यांनी तुटतो. म्हणजे डिसेंबर २०२३ मध्ये ज्या शेतकऱ्याच्या फडात कोयता चालला होता, त्याने आपला निर्णय २०२२ च्या जुलैत घेतला होता. बेणे, खत, विकास सोसायटीचे कर्ज, कालव्याचा पाणीअर्ज, सारे त्या वेळच्या धोरणावर विसंबून केलेले. शेतकरी दीड वर्षाच्या मुदतीने विचार करतो आणि सरकार एका संध्याकाळच्या मुदतीने हुकूम काढते. या दोन कालगणना एकमेकींस भेटाव्यात कशा, हाच नियम करणाऱ्यापुढील खरा प्रश्न आहे.

तो सोडविण्याची एक रीत जगात कित्येक दशके रूढ आहे. कोणताही नवा नियम अमलात आणण्यापूर्वी सरकारी खात्याने एक विवरण तयार करून प्रसिद्ध करावे, अशी ती रीत. आपण त्यास परिणामपत्रक म्हणू. नियम कोणत्या दुखण्यावर आहे, याच दुखण्यावर दुसरे कोणते उपाय होते आणि ते का सोडले, नियमाने कोणाचा किती लाभ व कोणाची किती हानी होईल, हे आकडे कोठून आणले, आणि इतक्या वर्षांनी त्यांचा पडताळा कोण घेणार, एवढे त्यात यावे. अमेरिकेत १९८१ साली अध्यक्ष रेगन यांनी काढलेल्या आदेशाने मोठ्या नियमांसाठी असे विश्लेषण सक्तीचे झाले. पुढे ब्रिटन, युरोपीय संघ आदी अनेकांनी ही पद्धत आपापल्या परीने स्वीकारली. रेगन यांचा हेतू उद्योगधंद्यांवरील नियमांचे ओझे हलके करण्याचा होता, हे खरे आहे आणि ते विसरून चालणार नाही. नफ्याचा हिशेब रुपयांत मांडता येतो व नदीचा मांडता येत नाही, म्हणून अशा पत्रकांत नदीचे मोल नेहमी शून्याच्या जवळ येते, हा आक्षेप तेथील टीकाकारांनीही घेतला आहे. परंतु हत्यार कोणी घडविले यावरून त्याचा उपयोग ठरत नाही. आपल्याकडे ते बलाढ्य उद्योगपतीपेक्षा कालव्याच्या टेलकडच्या दोन एकरवाल्याच्या हाती अधिक शोभेल.

आणि हे परकीय खूळ आपल्या माथी मारा, असेही आम्ही म्हणत नाही. ५ फेब्रुवारी २०१४ रोजी केंद्रीय विधी व न्याय मंत्रालयाने सर्व खात्यांस एक धोरणपत्र पाठविले आहे. प्रत्येक विधेयकाचा आणि नियमांचा मसुदा किमान ३० दिवस लोकांपुढे ठेवावा. त्याबरोबर त्याचे समर्थन, आर्थिक भार, तसेच पर्यावरण, मूलभूत हक्क आणि बाधित लोकांचे जीवित व उपजीविका यांवर होणाऱ्या परिणामांचा अंदाज प्रसिद्ध करावा, असे त्यात स्वच्छ म्हटले आहे. उपजीविका हा शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा. दोष असा, की हे धोरण आहे, कायदा नव्हे. ते मोडले म्हणून कोणाचे काही बिघडत नाही. याउलट रिझर्व्ह बँकेने मे २०२५ मध्ये स्वतःवर एक बंधन घालून घेतले: नियमांचा मसुदा प्रसिद्ध करावयाचा, हरकतींस किमान २१ दिवस द्यावयाचे, आणि शक्य तेथवर परिणामांचे विश्लेषणही जोडावयाचे. म्हणजे बँकांना लागू होणाऱ्या नियमाचा परिणाम आधी तोलला जाईल; त्या बँकेचे पीककर्ज काढणाऱ्याला लागू होणाऱ्या नियमाचा तोलला जाईलच, असे नाही!

महाराष्ट्र सरकारकडे वळले तर चित्र अधिकच उद्बोधक आहे. विधानसभेत येणाऱ्या विधेयकाला उद्देश व कारणांचे निवेदन असते, वित्तीय ज्ञापन असते. कित्येक अधिनियमांखालील नियमांचे मसुदे राजपत्रात येतात व त्यांवर ‘हरकती व सूचना’ मागविल्या जातात. हे शब्द तर सरकारी जाहिरातींमुळे शेंबड्या पोरालाही पाठ झाले आहेत. पण राज्याचा गाडा विधेयकांवर वा नियमांवर थोडाच चालतो? तो चालतो शासन निर्णयांवर. सचिवाच्या सहीने एक कागद निघतो, संकेतस्थळावर चढतो आणि त्याच दिवशी अमलात येतो. त्याला मसुदा नाही, मुदत नाही, हरकत नाही. गेल्या काही वर्षांत बारामती-इंदापुरास ज्या कागदांनी सर्वाधिक हादरविले ते बहुतेक याच जातीचे होते.

एप्रिल २०२१ मधील प्रकरण घ्या. उजनी जलाशयातून इंदापूर तालुक्यासाठी ५ टीएमसी पाणी उचलण्याचा निर्णय झाला. पुणे शहर वापरून सोडते ते सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत व भीमेतून उजनीत जाते. ते पाणी अतिरिक्त आहे, तेच आम्ही मागतो, असे समर्थन करण्यात आले. सोलापूर जिल्हा खवळून उठला. आमच्या हक्काचे पाणी पळविले, अशी हाकाटी झाली, आंदोलने झाली, आणि मे महिन्यात तो आदेश रद्द झाला. एका महिन्यात आदेश आला आणि गेला. पुढे २०२२ साली इंदापूर-बारामतीच्या कोरड्या गावांसाठी लाकडी-निंबोडी उपसा सिंचन योजनेस सुमारे ३४८ कोटींची मान्यता मिळाली, तेव्हा तीच भांडणे नव्याने पेटली.

या वादात न्याय कोणाचा? आमचे मत असे, की हा प्रश्न आज प्रामाणिकपणे सोडविता येणारच नाही, कारण तो सोडविण्यास लागणारा कागदच कोणी तयार केलेला नाही. इंदापूरकराचे म्हणणे हलके नाही. उजनीच्या पाण्याखाली त्याची गावे गेली. पळसदेवचे जुने मंदिर धरण आटले म्हणजे वर डोकावते व त्या इतिहासाची साक्ष देते. जमीन आमची बुडाली आणि पाणी आमच्या डोळ्यांदेखत खाली वाहून जाते, ही त्याची व्यथा खरी आहे. सोलापूरकराचेही खोटे नाही. उजनी भरले नाही त्या वर्षी त्याच्या नळाला किती दिवसांनी पाणी येते हे त्यालाच विचारावे. परंतु पुण्याचे सांडपाणी नेमके किती, त्यातील किती उजनीत पोहोचते, पुणे महापालिकेने उद्या ते शुद्ध करून स्वतःच वापरावयाचे ठरविले तर ५ टीएमसीचे काय राहील, तुटीच्या वर्षी कपात प्रथम कोणाची, हे चार आकडे आदेशाबरोबर छापले असते, तर भांडण मिटले नसते कदाचित, पण ते आकड्यांवर झाले असते. तसे न झाल्यामुळे ते जिल्ह्यांच्या अस्मितांवर झाले. येथे शहरवासी वाचकांनीही किंचित आत्मपरीक्षण करावे. खडकवासल्याच्या कालव्याचे शेपूट इंदापुरात आहे. आपण पुण्यात जो नळ उघडतो, त्याची दुसरी बाजू तेथील एखादे हुकलेले आवर्तन असते.

नीरेच्या पाण्याचीही तीच कथा. वीर धरणापासून निघणारा डावा कालवा बारामती-इंदापुरास जातो, उजवा फलटण, माळशिरस, पंढरपूर, सांगोल्याकडे. जून २०१९ मध्ये एका सरकारने नीरा-देवघरचे डाव्या कालव्याकडे वळणारे पाणी तोडण्याचा निर्णय घेतला. फेब्रुवारी २०२० मध्ये दुसऱ्या सरकारने तो फिरवून डाव्यास ५५ व उजव्यास ४५ टक्के, अशी वाटणी ठरविली. सरकार बदलले की नदीचा ओघ बदलावा, ही भूगोलातील नवलाईच म्हणावयाची! दोन्ही निर्णयांचे राजकीय अर्थ लावण्यात महाराष्ट्राने भरपूर शाई खर्च केली. परंतु आठ महिन्यांत जी हजारो हेक्टर जमीन कागदावर एकदा कोरडी आणि एकदा ओली झाली, तिच्यावर त्या अवधीत लागण करावी की नाही, हे कोणी कोणास सांगितले? बारामती हे नाव उच्चारताच लोकांच्या डोळ्यांपुढे सत्ता येते, म्हणून बारामतीच्या शेतकऱ्यावर अन्याय होऊच शकत नाही असा एक समज शहरांत आहे. त्या तालुक्याचा मोठा भाग जिरायती आहे आणि तेथील माणूस सत्तेच्या नव्हे, टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसतो, हे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय कळत नाही.

येथवर वाईट आदेशांचा विचार झाला. चांगल्या हेतूचा, तज्ज्ञांनी वाखाणलेला नियमही परिणामांचा हिशेब न मांडल्यामुळे कसा लुळा पडतो, याचे उदाहरण याहून अधिक शिकविणारे आहे. २००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियमात चौदाव्या कलमाचे एक पोटकलम आहे: शासन अधिसूचित करील त्या दिनांकापासून कालव्याच्या पाण्यावरील बारमाही पिकास ठिबक, तुषार वा तत्सम पाणी वाचविणारी पद्धत असल्याखेरीज परवानगी नाही. जुलै २०१७ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्याचा आधार घेऊन उसाला ठिबक सक्तीचे करण्याचे ठरविले. दोन वर्षांत ३.०५ लाख हेक्टर ऊस ठिबकाखाली आणावयाचा, शेतकऱ्यास केवळ दोन टक्के व्याजाने कर्ज द्यावयाचे आणि उरलेले व्याज सरकार व कारखाना यांनी वाटून घ्यावयाचे, अशी योजना. हेतू निर्विवाद. ऊस महाराष्ट्राच्या शेतजमिनीचा लहानसा तुकडा व्यापतो आणि सिंचनाच्या पाण्याचा मोठा घास घेतो, हे कोण नाकारील? पाटाच्या अतिरिक्त पाण्याने नीरेच्या काठच्या काळ्या जमिनी खारवट होत चालल्या आहेत, हेही सर्वांस दिसते.

ती दोन वर्षे केव्हाच सरली. आज नीरेच्या डाव्या कालव्यावरून जा. पाटाने भिजणारा ऊस अद्यापि जागोजाग आढळेल. असे का व्हावे? शेतकरी आडमुठा म्हणून? मुळीच नाही. कालव्याचे पाणी पाळीने येते. पाळी संपली की पुढची येईपर्यंत आठवडेच्या आठवडे चारी कोरडी. ठिबकाला तर जवळजवळ रोज थोडे थोडे पाणी हवे. याचा अर्थ, पाळीचे पाणी साठवून ठेवण्यास शेततळे पाहिजे अथवा भरवशाची विहीर पाहिजे, आणि ते खेचण्यास नियमित वीज पाहिजे. ज्याच्याकडे दहा एकर आहेत तो अर्ध्या एकराचे तळे खणील. ज्याच्याकडे सव्वा एकर आहे, त्याने तळे कोठे खणावे? घराच्या अंगणात? शिवाय पाणीपट्टी आकारली जाते ती मुख्यतः क्षेत्रावर आणि पिकावर. मोजून घेतलेल्या घनमीटरवर नव्हे. पाणी वाचविणाऱ्याला त्याच्या बिलात त्याचे चीज दिसत नाही. आणि टेलला तर ठिबक असो वा नसो, पाणी पोहोचण्याचीच मारामार!

यातील एकही गोष्ट गूढ नाही. सणसरच्या वा निमगाव केतकीच्या कोणत्याही पाटकऱ्याने ती पाच मिनिटांत सांगितली असती. परिणामपत्रक करावयास लागले असते, तर खात्याला प्रत्येक आकाराच्या धारणक्षेत्रासाठी स्वतंत्र खर्च मांडावा लागला असता आणि तिसऱ्याच ओळीत पाळी व ठिबक यांची ही विसंगती उघडी पडली असती. मग कदाचित असा निष्कर्ष निघाला असता, की शेतकऱ्यावर नळ्यांची सक्ती करण्याआधी सरकारने स्वतःवर सामायिक तळ्यांची व मोजून पाणी देण्याची सक्ती करून घ्यावी. सरकारला असे निष्कर्ष अडचणीचे वाटतात. परिणामपत्रकाविषयी खात्यांना प्रेम नाही याचे गमक येथे सापडते.

ऊसदराच्या हप्त्यांचे प्रकरण याच जातीचे. फेब्रुवारी २०२२ मधील एका शासन निर्णयाने राज्याने रास्त व किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, दोन हप्त्यांत देण्यास मुभा दिली. केंद्राचा १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो, ऊस पोहोचल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्या. राज्याने सांगितले, काही आता द्या, उरलेले हंगाम संपून उतारा निश्चित झाल्यावर द्या. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द ठरविला. मधले तीन हंगाम मात्र कोण परत देणार? कारखान्यांची रोकड अडचणीत असते हे आम्ही जाणतो. तथापि ही अडचण सोसण्याचे काम सभासदाकडे वळविले, तर त्याच्या सोसायटीच्या कर्जाच्या फेडीवर, लेकीच्या लग्नावर, पुढच्या लागणीच्या खतावर काय परिणाम होईल, याविषयी त्या निर्णयात एक वाक्य शोधून सापडणार नाही.

आता या मागणीवरील आक्षेप. सर्वांत वजनदार आक्षेप असा, की पत्रके म्हणजे पुन्हा कागदच. सल्लागार कंपनी नेमली जाईल, ती एका जिल्ह्याचे प्रकरण दुसऱ्याला चिकटवील आणि खाते त्यावर शिक्का मारील. हा आक्षेप अनुभवावर उभा आहे. २००६ च्या अधिसूचनेखाली जे पर्यावरण परिणाम अहवाल होतात, त्यांचे पैसे ज्याचा प्रकल्प तोच देतो. तेव्हा त्यात प्रकल्पाची निंदा आढळेल कशी? इतकेच काय, त्या अधिसूचनेचा नवा मसुदा २०२० साली निघाला तो इंग्रजी-हिंदीत. तो आठव्या परिशिष्टातील सर्व भाषांत उपलब्ध करा, असे दिल्ली उच्च न्यायालयास ३० जून २०२० रोजी सांगावे लागले. ज्याला बाधा होणार त्याला वाचता येऊ नये अशा भाषेत हरकती मागविणे, ही हरकती टाळण्याची सभ्य रीत होय.

या आक्षेपाचे उत्तर शोधावयास आम्ही इंदापूर सोडून कोठे जाणार नाही. कारण सरकारने केलेल्या हिशेबाने माणसे कशी देशोधडीस लागतात आणि नीट केलेल्या हिशेबाने ती कशी परत येतात, याचा प्रयोग याच तालुक्यात पावणेदोनशेहून अधिक वर्षांपूर्वी होऊन चुकला आहे. पेशवाई गेल्यावर कंपनी सरकारचा तरुण मुलकी अधिकारी रॉबर्ट कीथ प्रिंगल याने पुणे जिल्ह्याची जमीनमोजणी हाती घेतली. तो इंग्लंडातून रिकार्डोचा खंडविषयक सिद्धान्त शिकून आला होता. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे उत्पन्न काढावयाचे, त्यातून मशागतीचा खर्च वजा करावयाचा आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा घ्यावयाचा. कागदावर याहून शास्त्रशुद्ध पद्धती असू शकत नाही. तीत दशांशांची उणीव नव्हती. उणीव होती ती शेतात जाऊन पडताळा घेण्याची. हाताखालच्या लोकांनी मोजण्यांत वाटेल तसा घोळ घातला, काहींनी लाच खाल्ली, आणि त्या आकड्यांवर १८३० च्या सुमारास इंदापुरात सारा बसला. परिणाम असा, की जमिनी पडीक पडल्या, बाकी थकली आणि कित्येक कुणबी निजामाच्या मुलखात निघून गेले. तेव्हा १८३५ मध्ये गोल्डस्मिड यास इंदापुरास धाडण्यात आले. विंगेट त्याला येऊन मिळाला. त्यांनी निव्वळ उत्पन्नाचे गणित बाजूस ठेवले, जमिनीची प्रत व गावाचा पूर्वीचा वसूल पाहिला, सारा उतरविला आणि तो तीस वर्षे वाढणार नाही असे सांगितले. ओसाड रानांत पुन्हा नांगर चालू लागला. मुंबई इलाख्याच्या रयतवारी पद्धतीचा पाया तो हाच.

कथेचा उत्तरार्ध अधिक कटू आहे. तीस वर्षांनी, १८६७ मध्ये, इंदापूरचा सारा फेरआकारणीत सुमारे दीडपट केला गेला. अमेरिकेतील यादवी युद्धाने कापसाचे व धान्याचे भाव चढले होते, त्या तात्पुरत्या तेजीवर ही आकारणी बेतलेली. भाव उतरले, सारा उतरला नाही. पुण्याच्या सार्वजनिक सभेने चौकशी करून गाऱ्हाणे मांडले. १८७४ मध्ये सरकारने वाढीला मर्यादा घातल्या खऱ्या, पण तोवर उशीर झाला होता. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे, म्हणजे आजच्या बारामती तालुक्यात, सावकारांच्या वह्या जळाल्या. दंग्यांचा दोष केवळ सावकारांवर टाकून मोकळे होणे सरकारला सोयीचे होते. चौकशी आयोगाचे एक सभासद ऑकलंड कॉल्व्हिन यांनी मात्र वाढलेल्या साऱ्याकडे वेगळ्या टिपणीत बोट दाखविले. १८७९ चा डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट त्या आयोगाच्या कामातून निघाला. हानी आधी, चौकशी नंतर, कायदा त्याच्याही नंतर: १८७५ चा हा क्रम आणि डिसेंबर २०२३ चा क्रम यांत काही अंतर असलेच तर तपशिलाचे आहे.

तेव्हा प्रिंगलच्या हिशेबाला घाबरून हिशेबच नको म्हणणे चूक; गोल्डस्मिडसारखा तो बांधावर जाऊन तपासला पाहिजे. यासाठी पत्रक ज्या खात्याचा नियम त्याच्याच हाती राहता कामा नये. आकडे खात्याने द्यावेत. पारखणारे दुसरे असावेत.

दुसरा आक्षेप तातडीचा. साठेबाजीला आळा घालावयाचा तर महिनाभर आधी दवंडी पिटून कसे चालेल? मान्य. अशा प्रसंगी हुकूम आधी निघावा. परंतु तो साठ दिवसांत आपोआप संपावा आणि त्याची मुदत वाढवावयाची झाली तर त्या साठ दिवसांत पत्रक प्रसिद्ध झालेच पाहिजे, एवढी अट असावी. विलंब होईल, हा तिसरा आक्षेप तर हास्यास्पद आहे. ज्या राज्यात कालव्याच्या अस्तरीकरणास दशके लागतात, तेथे ३० दिवसांनी काय प्रलय होणार?

आमचे म्हणणे आम्ही नेमक्या शब्दांत मांडतो. महाराष्ट्र विधिमंडळाने एक छोटासा अधिनियम करावा. पाणी, पीक, दर आणि जमीन या चार विषयांत ज्या नियमाने, अधिसूचनेने अथवा शासन निर्णयाने एका तालुक्याहून अधिक क्षेत्राच्या उपजीविकेत फरक पडतो, त्याचे परिणामपत्रक ३० दिवस आधी मराठीत प्रसिद्ध झाल्याखेरीज तो अमलात येऊ नये. शासन निर्णयाला सूट देऊ नये. सूट दिली तर सारे काही शासन निर्णयानेच होऊ लागेल. धारणक्षेत्राच्या आकारानुसार, कालव्याच्या मुखाकडील व टेलकडील गावांनुसार, आणि ज्यांच्या नावे सातबाराच नाही त्या तोडणी कामगारांनुसार आकडे निरनिराळे द्यावेत. सरासरीच्या आकड्याखाली टेलचा शेतकरी नेहमीच गाडला जातो. तीन वर्षांनी भाकीत व प्रत्यक्ष यांची तुलना विधिमंडळापुढे ठेवावी.

हे करणारी माणसे आपल्याकडे नाहीत काय? धनंजयराव गाडगीळ यांनी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे गोदावरी व प्रवरा कालव्यांचा आर्थिक परिणाम पाहणी करून मोजला आणि १९४८ साली तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. कालव्याने सरकारला पाणीपट्टी किती मिळाली एवढ्यावर न थांबता शेतकरी, मजूर, व्यापारी यांच्या पदरात काय पडले हे त्यांनी मोजले. त्या काळी गणकयंत्रे नव्हती, उपग्रहाची छायाचित्रे नव्हती, घरोघर जाऊन प्रश्नावल्या भरून घेणारे कार्यकर्ते होते. आज राहुरीचे कृषी विद्यापीठ आहे, पाणी व जमीन व्यवस्थापनाची संस्था छत्रपती संभाजीनगरात आहे, मांजरीस वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. ती शेवटची संस्था कारखान्यांच्या आश्रयाने चालते, म्हणून ऊसदराच्या पत्रकापासून ती दूर ठेवलेली बरी.

आरंभ नीरेच्या डाव्या कालव्यापासून करावा. पाणीवाटपाचा पुढचा फेरविचार ज्या दिवशी मंत्रिमंडळापुढे यावयाचा असेल, त्याच्या ३० दिवस आधी त्याचे पत्रक बारामती, इंदापूर, फलटण आणि माळशिरस या चारही तालुक्यांतील प्रत्येक चावडीवर व विकास सोसायटीत लावावे, टेलकडच्या गावांच्या ग्रामसभांत ते मोठ्याने वाचून दाखवावे, आणि तेथे आलेल्या हरकती व त्यांवरील खात्याची उत्तरे मंत्रिमंडळाच्या टिपणीस जोडावीत.